मेंढरं शाळेच्या दाराबाहेर

उमापूर
१५ डिसेंबर २०२४

केशर आत्या,

पाया पडते. परवा फोनवर मी घसा फुटेपर्यंत ओरडले, तू नुसतीच "कोण? कोण?" करत राहिलीस आणि शेवटी शेजारच्या मंगलवहिनींनी फोन घेऊन सांगितलं, "त्यांना काही ऐकू गेलं नाही, पण तुम्ही बोलल्या म्हणून लई खूश झाल्यात." म्हणून ठरवलं, आता पत्रच लिहायचं. पत्राला कानाचं मशीन लागत नाही.

खोली चांगली मिळाली आहे. इथून शाळेला रोज शेअर रिक्षानं जाते. शिक्षणसेवक म्हणून लागले असले तरी नववीचं गणित आणि विज्ञान पूर्ण माझ्याकडेच दिलंय. पोरं बरी आहेत. सुग्रीव नावाचा एक आहे, तो प्रश्न ऐकायच्या आधीच हात वर करतो आणि उत्तर हमखास चुकवतो. पप्पू म्हणून दुसरा आहे, त्याच्या वडिलांचं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. तो शिक्षकांच्या नकला इतक्या हुबेहूब करतो, की मुख्याध्यापक माणिकराव सर एकदा स्वतःचाच आवाज ऐकून वर्गाबाहेर थबकले होते.

पण तुला लिहायला बसले ती एका पोरीसाठी. माया तिचं नाव. मेंढपाळाची मुलगी. वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडतात, ही आजीपाशी राहते. रोज येते, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसते, आणि सहा महिन्यांत तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलाय. गणितात कच्ची आहे. मी तिला अवघड काही विचारत नाही, उगाच चारचौघांत मान खाली जायला नको. पण तिच्याकडे पाहिलं की मनात येतं, आपण कुणीच नाही असं तिला वाटत असेल का? तिलाही काहीतरी येतच असणार, तिचं म्हणून काही असणारच. ते वर कसं आणायचं? डी.एड., बी.एड.ला यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली, पण त्यातलं एकही पान मायाच्या बाकापर्यंत पोचत नाही.

तू घरातली आणि गल्लीतली किती पोरं वाढवलीस. तुला काय वाटतं?

तुझी,
सुकन्या


माजलगाव
२४ डिसेंबर २०२४

सुकन्या बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा मोठ्यानं, मंगलसाठी. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, आता तुम्ही मॅडमलोकांना शिकवायला निघाल्या व्हय?" मी म्हणलं, तिनं विचारलंय, मी काही दार वाजवायला गेले नव्हते.

पोरी, मी शाळेची पायरी चढले नाही हे तुला मालूम आहे. थोरला भाऊ पाटीवर गिरवायचा आणि मी चुलीपुढं राखेत. त्यामुळं शाळेच्या आतलं मला फार कळत नाही. पण पोरांचं थोडंफार कळतं.

आपल्या शेजारची विमलबाई आठवते का? तिची नात अशीच घुमी होती. पाहुणे आले की कणगीमागं जाऊन बसायची. एकदा विमलबाईच्या घरी कार्य निघालं आणि आचारी आलाच नाही. तर ही एवढीशी पोर पुढं झाली आणि शंभर माणसाच्या वरणाला फोडणी दिली. जो तो विचारायला लागला, वरण कुणी केलं? त्या दिवशी ती कणगीमागून जी बाहेर आली ती आलीच. आता तर तिला गप्प बस म्हणावं लागतं.

म्हणून सांगते, तू तिच्या घरी जा. वर्गात मान खाली असते, घरी नसते. तिथं तिच्या हाताला काय येतं ते नीट पाहा. आणि तिच्या हाताला जे येतं ते लोकांपुढं ठेव. लोकांनी वा म्हणलं की माणूस आपोआप ताठ होतं.

इकडं उसाच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण झालीय. कालव्याला पाणी सोडलंय. तुझे अण्णा गुडघ्याचं औषध वेळेवर घेतात का ते मला कुणी सांगत नाही, तू तरी लिही.

आशीर्वाद आहेतच,
आत्या


उमापूर
५ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं ऐकलं आणि जणू लॉटरी लागली!

मागच्या रविवारी संध्याकाळी मायाच्या घरी गेले. तिची आजी तुळजाबाई दारात घोंगडं पसरून बसल्या होत्या. मला पाहून आधी घाबरल्या. "मॅडम, पोरीनं काही केलं काय?" मी म्हणलं, काही नाही, सहज आले. त्या म्हणाल्या, "सहज कुणी मास्तर येतंय व्हय घरी?" मग चहा झाला, गुळाचा.

सगळी मेंढरं वडिलांबरोबर गेलेली नाहीत. नुकत्या व्यालेल्या थोड्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं घरी ठेवलीत. दिवस मावळायला मेंढ्या चरून आल्या आणि कोकरं सोडली, तेव्हा जो काय गलका उडाला! सगळ्या मेंढ्या सारख्या, सगळी कोकरं सारखी. प्रत्येक जण ओरडतोय, कोण कुणाचं काही कळत नाही. आणि आमची माया त्यात उभी. वाट चुकलेलं कोकरू उचलायची, नुसतं एकदा पाहायची आणि नेमकं त्याच्या आईखाली नेऊन सोडायची. एकदाही चुकली नाही. मी विचारलं, तुला कसं कळतं गं? तर खांदे उडवून म्हणाली, "दिसतंय की."

आत्या, मी तिथंच ठरवलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांचे कार्यक्रम असतात. तीच ती गाणी, तीच ती भाषणं. या वेळी मायाला मंचावर आणायचं. खांद्यावर घोंगडी, हातात कोकरू, आणि तिनं सांगायचं की ती कशी ओळखते. माणिकराव सरांना विचारलं, त्यांना एकदम पसंत पडलं. म्हणाले, "आपली संस्कृती पण दिसेल."

मायाला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. पण ती कधी बोलते? नाही म्हणाली नाही, एवढं खरं.

अण्णा औषध घेतात, पण तुझं नाव घेतल्यावरच.

सुकन्या


माजलगाव
१४ जानेवारी २०२५

सुकन्या बाळा,

तिळगूळ पाकिटात घातलाय, पोस्टात चुरा झाला तर चमच्यानं खा पण गोडच बोल.

तुझं पत्र वाचून मला तर असं झालं की आपणच उठून तुझ्या शाळेत यावं आणि पुढच्या रांगेत बसावं. लई चांगलं काम करतेस. आपल्याकडं मेंढरामागच्या माणसाला कुणी खुर्ची देत नाही, आणि तू मंच देतेस. घोंगडी आदल्या दिवशी उन्हात टाकून झटकून घे म्हणावं, आणि पोरीच्या केसाला नीट तेल लावून दोन वेण्या घाल. कोकरू लहानसं निवडा, मोठं असलं तर माईक पाहून बिथरेल.

सगळं झालं की सविस्तर लिही. मंगल पण विचारते, मॅडमच्या मेंढीचं काय झालं म्हणून.

आत्या


उमापूर
३० जानेवारी २०२५

आत्या,

तिळगूळ मिळाला, अख्खा होता.

कार्यक्रम छान झाला. गाव लोटलं होतं. मायाला टाळ्या तर एवढ्या, की कोकरू दचकून ओरडलं आणि लोक आणखीच हसले. सरपंचांनी बक्षीस दिलं. माणिकराव सर म्हणाले, दर वर्षी असं काहीतरी करत जाऊ. गावच्या ग्रुपवर फोटो फिरतोय, माझ्या मैत्रिणीपर्यंत बीडला पोचला. बाकी विशेष काही नाही. थंडी कमी झालीय. हरभरे घाटे धरायला लागलेत. घाईत लिहिते आहे, सराव परीक्षेचे पेपर तपासायचे पडलेत.

सुकन्या


माजलगाव
८ फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

एवढं आखूड पत्र तुझं कधी नसतं. आधी मला वाटलं, पेपराचं काम असेल. म्हणून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत काढून वाचलं.

सरपंचानं काय दिलं ते लिहिलंस. माणिकराव सर काय म्हणाले ते लिहिलंस. कोकरू ओरडलं ते सुद्धा लिहिलंस. माया काय म्हणाली ते कुठं आहे?

तू सात वर्षांची असताना माझ्या दुभत्या म्हशीला गुळाची अख्खी ढेप चारली होतीस आणि मला येऊन सांगत होतीस, "आत्या, आज आभाळ किती निळं आहे." तुझ्या हरभऱ्याच्या घाट्यात मला तेच निळं आभाळ दिसलं.

मी रागावले नाही. मी लांब आहे, म्हातारी आहे, तुला रागावून मला काय मिळायचंय? पण त्या पोरीचं मंचावर जाणं माझ्या सांगण्यावरून झालं. म्हणून मला कळलं पाहिजे. काय झालं ते जसं झालं तसं लिही.

आत्या


उमापूर
१५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

माया सत्तावीस जानेवारीपासून शाळेत नाही.

त्या दिवशी ती मंचावर आली, कोकरू छातीशी धरून उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. मीच माईक घेतला. मीच सांगितलं, ही आपल्या मेंढपाळांची लेक, हिला असं असं येतं, जोरदार टाळ्या. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही, मी लोकांकडे पाहत होते. खाली उतरताना मागून कुणीतरी मेंढरासारखा आवाज काढला. पप्पूच, दुसरं कोण? मग सगळी पोरं तसाच आवाज काढायला लागली. मोठी माणसंसुद्धा हसली. मला तेव्हा ते कौतुकाचंच वाटलं, खरंच सांगते.

ती येईना तेव्हा कळलं. मी इतकी चिडले, की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पप्पूला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावली. त्यानं मागितली. तेव्हापासून त्यानं एकही नक्कल केलेली नाही. माझ्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत बसतो.

तुळजाबाईंकडे तीनदा जाऊन आले. म्हणाल्या, "तिचा बाप बिभीषण दोन दिसासाठी घरी आलता, त्याच्यासंगं गेली. म्हणली, शाळेला सुट्टी हाय." त्यांचा तळ आता माजलगावच्या बाजूला, कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात ना, तिकडे. फोन लागत नाही.

माणिकराव सर वाईट नाहीत, पण त्यांनी हे बरंच पाहिलंय. म्हणाले, "बाई, पोरं जातात, काही येतात. मनाला लावून घेऊ नका." मायाची मोठी बहीण अशीच नववीच्या मध्यावर गेली होती, ती परत आलीच नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आहे. तोपर्यंत माया आली नाही, तर तिचीही शाळा संपली. इथं सगळ्यांना ते आधीच मान्य झालंय, मला सोडून.

मी तुला खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. पप्पूनं तसं केलं नसतं तर हे झालं नसतं, असं मी रोज स्वतःला सांगते. आता काय करू?

सुकन्या


माजलगाव
२५ फेब्रुवारी २०२५

सुकन्या बाळा,

शांतपणे बसून वाच. हे पत्र लांब आहे, तीन बैठकीत लिहिलंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मंगलच्या नवऱ्याला म्हणलं, मला मोटारसायकलवर घेऊन चल. कालव्याच्या वरच्या अंगाला दोन तळ निघाले. पहिला नगरकडच्या लोकांचा होता. दुसऱ्यावर गेलो तर एक माणूस जाळीचं कुंपण ठोकत होता. मी विचारलं, बिभीषण तूच काय? तो काहीतरी बोलला. माझं मशीन नेमकं त्या वेळी शिट्टी मारायला लागलं, काढून कनवटीला बांधलं. म्हणलं, बाबा, मला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. त्यानं पोरीला हाक मारली असावी, कारण दगडाच्या चुलीपासून एक पोरगी उठून आली. अंगात शाळेचाच निळा शर्ट.

मी सांगितलं, मी तुझ्या सुकन्या मॅडमची आत्या. ती वळून जायला लागली. मी म्हणलं, जा, पण आधी मला पाणी दे, म्हातारी उन्हातून आलीय. पाणी दिलं. मग मी विचारलं, शाळेत काहून जात नाहीस? ती बोलली, ओठ तर हलले. मी म्हणलं, नाही आलं ऐकू. ती परत बोलली. मी परत म्हणलं, नाही आलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पोरगी अशी कडाडली, की कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं.

"मेंढरं मी शाळेच्या दाराभाईर ठिवून यायचे! मॅडमनं आत आणली!"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

मग एकदा सुरू झाली ती थांबेना. आणि बहिऱ्या माणसापुढं बोलायचं म्हणजे ओरडूनच, म्हणून सगळा तळ ऐकत होता. म्हणाली, "कोकरू वळखायला काय लागतंय? माझी आजी वळखती, माझी चुलती वळखती, माझा लहाना भाऊ वळखतो. त्यात माझं काय हाय? आमच्यातल्या कुणालाबी उभं केलं असतं तरी चाललं असतं!"

मी म्हणलं, बाई, त्या पप्पूनं चिडवलं म्हणून लागलं का तुला? तर म्हणाली, "पप्पू समद्यालाच चिडवतो. त्याचं काय एवढं. त्यानं हेडसरांची बी नक्कल केली हाय."

"मग?"

मी कान पुढं केला. मग जरा कमी आवाजात, पण मला कळेल असं, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जूनात मॅडमनं मला फळ्यापाशी बोलवलं, गणित कराया. माझं चुकलं. त्या म्हणल्या, राहू दे, बस. मग परत कधीच न्हाई बोलवलं. सुग्रीवचं रोज चुकतंय, त्याला रोज बोलवतात. मला गणित आवडतंय. येत न्हाई, पण आवडतंय. मी वाट बघायची, आज बोलवतील, उद्या बोलवतील. आन बोलवलं तवा कशाला बोलवलं? कोकरू घिऊन."

सुकन्या, तू मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, अवघड विचारत नाही म्हणून. मी ते वाचलं आणि मनात म्हणलं, किती जीव लावते आपली पोर. मायानं त्याचा अर्थ लावला की मॅडमनं आपल्याला हिशोबातून काढलं. तिला काय येतं ते आपण दोघींनी पाहिलं. तिला काय पाहिजे ते एकीनंही विचारलं नाही. विमलबाईच्या नातीला स्वतःला वाटलं म्हणून ती चुलीपाशी गेली होती, तिला कुणी हाताला धरून नेलं नव्हतं. एवढी गोष्ट मी तुला सांगताना विसरले.

आणि त्या पप्पूचं पण बघ. त्याला जिथं उभं केलंस ती जागा तीच होती. एकीला सगळ्यांपुढं टाळ्या, दुसऱ्याला सगळ्यांपुढं माफी. दोघंही त्या जागेवरून खाली मान घालून उतरले. नकला करणं हीच त्या पोराची ऐट होती. चूक त्याची होतीच, पण ती त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आली असती.

बिभीषण कुंपण सोडून कधीचा येऊन उभा होता. माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "ही एवढं बोलती व्हय? मला तर म्हणली सुट्टी हाय. मी तिला आणाया न्हाई गेलतो, तीच मागं लागून आली. मला वाटलं, मेंढराची आठवण आली आसंल." मग पोरीला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण रागावला नाही. तिच्या डोक्यावरचं खाली आलेलं फडकं त्यानं नीट करून दिलं.

मी तिला शाळेत जा म्हणलं नाही. ते माझं काम नाही, तुझं आहे. तळ चार दिवसांत पुढं हलणार आहे, ब्रह्मगावच्या बाजूला. तू स्वतः जा. खाऊ नेऊ नकोस, वही-पेन नेऊ नकोस, पप्पूला तर मुळीच नेऊ नकोस. आणि मला बरोबर घेऊ नकोस. मी आले की तिला ओरडावं लागतं, आणि काही गोष्टी हळू बोलायच्या असतात.

आत्या


उमापूर
१२ मार्च २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचल्यावर मी आठ-दहा दिवस कुणाला काही लिहू शकले नाही. रागवू नकोस. आधी जे करायचं ते करून मग लिहायचं ठरवलं होतं.

पत्र मिळाल्यावर पुढच्याच रविवारी ब्रह्मगावच्या तळावर गेले. माया मेंढरांना पाणी पाजत होती. मला पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. मी पण बादली उचलली. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, ते एकाही मेंढीला ऐकवण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हणलं, "माया, माझं चुकलं. मी तुला न विचारता मंचावर नेलं. आणि फळ्यापाशी न्यायचं तिथं नेलं नाही."

ती घाबरून बापाकडं बघत म्हणाली, "मॅडम, असं नका म्हणू, बापू हायत."

मी म्हणलं, असू देत, त्यांनीही ऐकलं पाहिजे.

मग तिनं विचारलं, "परत आले तर पोरं काय म्हणतील?" मला म्हणायचं होतं, कुणी काही म्हणणार नाही, मी बघते. ते गिळलं. म्हणलं, "मला माहीत नाही. एखाद्या वेळी म्हणतीलही. मी काय करावं असं तुला वाटतं?"

आत्या, तुला काय वाटतं, असं या पोरीला वर्षभरात मी पहिल्यांदाच विचारलं होतं. ती विचार करत राहिली, मेंढरं तिच्या पायाला ढुशा देत होती. मग म्हणाली, "काही करू नका. मला टाळ्या नकोत. पहिल्या बाकावर नका बसवू. आन सोपं गणित नका देऊ."

निघताना बिभीषणनं एवढंच म्हणलं, "तिची ती ठरवंल, मॅडम." मी एकटीच परत आले.

पप्पूला सायकली लावतात तिथं एकट्याला गाठलं. सांगितलं, तू चुकलास, पण मी तुला सगळ्यांसमोर उभं केलं ती माझी चूक. तो चेनला तेल लावत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, माझे बाबा त्या दिवशी फी भरायला आल्ते. गेटपाशी उभे होते." मला ते माहीतच नव्हतं. मी त्यांच्या दुकानात जाऊन त्याच्या वडिलांशी बोलले. त्यांनी मला खुर्ची पुसून दिली. पप्पू अजून माझ्याशी मोकळा झालेला नाही. त्याला वेळ लागेल, आणि तो मी द्यायला पाहिजे.

आज हजेरी घेत होते. मायाचं नाव आलं, मी सवयीनं पुढं सरकणार तर मागच्या बाकावरून आवाज आला. "हजर." माझा पेन थांबला. आत्या, तू मला ओळखतेस, मला उठून तिला मिठी मारावीशी वाटत होती. वर्गाला सांगावंसं वाटत होतं, बघा कोण आलंय. मी पुढचं नाव घेतलं. नोकरीत लागल्यापासून इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

मागं वळून पप्पू म्हणाला, "आली व्हय गं? औंदा पेपर अवघड हायेत म्हणं."

ती म्हणाली, "तुला कोणता सोपा गेलाय आजवर?"

सगळा वर्ग हसला, पप्पूसुद्धा. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग समीकरणं घेतली. आधी सुग्रीवला बोलावलं, त्याचं चुकलं. दुसऱ्या एकीला बोलावलं, तिचं बरोबर आलं. मग सगळ्यांना घेते त्याच आवाजात म्हणलं, "माया, पुढचं." ती उठली. फळ्यापर्यंत येईतो तिच्या पायाकडं मी पाहिलं नाही, पुस्तकात पाहिलं. तिनं समीकरण मांडलं, बरोबर मांडलं, आणि दुसऱ्या पायरीला चिन्ह चुकवलं. माझ्या तोंडात आलं होतं, "राहू दे, बस." सवय किती खोल असते बघ. मी म्हणलं, "दुसरी पायरी चुकली आहे. परत कर." तिनं हातानं पुसलं, परत केलं. आता दुसरीकडे चुकलं. मी म्हणलं, "तिसरी बघ." वर्गात चुळबुळ सुरू झाली. सुग्रीवनं हात वर केला होता, त्याला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. माया फळ्याकडं तोंड करून उभी. मला तिची नुसती वेणी दिसत होती आणि खडू धरलेला हात.

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. पुढचा तास माणिकराव सरांचा इतिहासाचा, ते दारात येऊन उभेही राहिले. पोरांनी गणिताची पुस्तकं मिटली. मी डस्टर उचललं.

"मॅडम," ती म्हणाली, आणि हे तिनं हळू म्हणलं नाही, सगळ्या वर्गाला ऐकू गेलं, "ते पुसू नका. माझं व्हायचंय अजून. उद्या करते."

मी डस्टर खाली ठेवलं आणि माणिकराव सरांना म्हणलं, सर, आज डाव्या बाजूला लिहा, उजवी बाजू मायाची आहे.

सुकन्या